दिवाणखान्यातला रानगवा, कूलरची हवा आणि कपाटात हरवलेला कागद

मागच्या अंकात घरातल्या जुन्या वस्तू कशा सांभाळायच्या यावर लिहिताना जाता जाता एक ओळ टाकली होती, की भिंतीवर शिकारीचं मुंडकं असेल तर त्याबद्दलही विचारा. मला वाटलं दोन-चार पत्रं येतील. पण या पत्रांवरून कळलं की नागपुरातल्या जुन्या घरांत अजून कितीतरी रानगवे, सांबर, वाघ भिंतीवरून खाली पाहून राहिले आहेत. साहजिकच आहे म्हणा, हे गाव जुन्या मध्य प्रांताची राजधानी, इकडे पेंच, तिकडे नागझिरा, खाली ताडोबा, आणि बंदी यायच्या आधी साहेबलोक काय नि आपले मालगुजार काय, हिवाळा आला की बंदुका घेऊन जंगलात. मी अठ्ठावीस वर्षं एका संग्रहालयात पेंढा भरलेल्या जनावरांची देखभाल केली आहे, त्यामुळे जे हाताखालून गेलं त्यावरून सांगते. शिकारीचं कौतुक मला कधीच नव्हतं, पण मेलेलं जनावर भिंतीवर कुजत ठेवणं हे त्याचा दुसऱ्यांदा जीव घेणं आहे असं मला मनापासून वाटतं.

ताई नमस्कार. आमच्या आजोबांनी १९५८ साली मारलेल्या रानगव्याचं मुंडकं हॉलमध्ये आहे, खांद्यापासून पुढचा सगळा भाग. बाबा फेब्रुवारीत गेले. त्यांच्या नावाचं वन खात्याचं सर्टिफिकेट फाइलमध्ये सापडलं. आता वाटण्या होऊन राहिल्या, मोठे दादा रायपूरला असतात, ते म्हणतात मी नेतो, धाकटा म्हणतो विकून टाका, मुंबईचा कोणीतरी चांगली किंमत देऊन राहिला. काय करावं? — धरमपेठ

सगळ्यात आधी धाकट्या भावाला सांगा की त्या मुंबईवाल्याचा फोन पुन्हा उचलू नको. रानगवा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. मालकीचं सर्टिफिकेट असलं तरी ते ठेवण्यापुरतं असतं, विकण्यापुरतं नाही. पैसे घेऊन देणं तर सोडाच, विकायला आहे म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकणं हासुद्धा गुन्हा होतो. किंमत किती येईल हा प्रश्नच तुमच्या वाटणीच्या यादीतून खोडून टाका, त्याची किंमत शून्य धरा.

आता घाई कशाची आहे ते ऐका. वारसाहक्कानं अशी वस्तू आली की ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसं जाहीर करावं लागतं. बाबा फेब्रुवारीत गेले म्हणजे मे महिन्यात तुमची मुदत संपते, आणि आपल्याकडे तेराव्याचं, बँकेचं, सातबाऱ्याचं करता करता तीन महिने कसे जातात ते आपल्याला माहीत आहे. तुमचं नशीब एवढं चांगलं की राज्याचं हे ऑफिस नागपुरातच आहे, सिव्हिल लाइन्समधलं वन भवन. मृत्यूचा दाखला, वारसाचा कागद, जुन्या सर्टिफिकेटची प्रत, मुंडक्याचे समोरून-बाजूनं-मागून फोटो, शिंगांची मापं, एवढं घेऊन जा आणि अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारून घेतल्याशिवाय उठू नका.

दादांना रायपूरला न्यायचं असेल तर आधी लेखी परवानगी, आणि राज्य बदलल्यावर ३० दिवसांत तिकडच्या वन खात्याला कळवणं. गाडीच्या डिक्कीत टाकून देवरीवरून नेतो असं ते म्हणत असतील तर त्यांना थांबवा.

आणि तिघांपैकी कोणालाच मनापासून नको असेल, तर एक रस्ता आता चांगला झाला आहे. २०२२ च्या दुरुस्तीनं, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, सर्टिफिकेटधारकाला कामकाजाच्या ७ दिवसांची नोटीस देऊन वस्तू सरकारकडे जमा करता येते. मोबदला मिळत नाही. पण तीन भावंडांत भांडण लावणारी वस्तू घरातून मानानं जाते, हे मला तरी थोडं वाटत नाही.

आमच्या वाड्यात वाघाचं डोकं आहे, जबडा उघडलेला. मागच्या फळीवर मैसूरच्या व्हॅन इंगेन कंपनीचं लेबल आहे. सर्टिफिकेट वगैरे कोणी कधी काढलंच नाही. ऐंशी-नव्वद वर्षं जुनं आहे म्हणजे अँटिक झालं न? की गुपचूप जाळून टाकू? — महाल

जाळू नका. फुटाळ्यात किंवा नाग नदीत टाकू नका. कोणाला देऊ पण नका. घाबरून केलेलं हे प्रत्येक काम आहे त्यापेक्षा मोठा गुन्हा होऊन बसतं, आणि जुन्या मुंडक्यात आर्सेनिक नावाचं विष असतं, ते जाळलं तर धूर तुमच्याच घरच्यांच्या नाकात जाणार.

व्हॅन इंगेन हे नाव मोठंच आहे, १९०० च्या आसपास सुरू झालेली मैसूरची ही कंपनी १९९९ ला बंद झाली, राजेरजवाड्यांचे वाघ-बिबटे त्यांच्याकडेच जायचे, आणि चेहऱ्यावरचा राग ते जसा आणायचे तसा कोणालाच जमला नाही. पण ते लेबल फार तर वस्तूचं वय सांगतं, तुमची मालकी सांगत नाही. आणि वय शंभर झालं की वन्यजीव कायद्यातून सुटका होते, हा गैरसमज मी इतक्या सुशिक्षित लोकांच्या तोंडून ऐकला आहे की वाईट वाटतं.

१९७२ चा कायदा आला तेव्हा अशा वस्तू जाहीर करायला ३० दिवस होते. ज्यांचं राहून गेलं त्यांच्यासाठी २००३ मध्ये परत एकदा १८० दिवसांची खिडकी उघडली होती, १८ एप्रिलपासून. तीही बंद झाली. वर सांगितलेला जमा करायचा सोपा रस्ता सर्टिफिकेट असणाऱ्यांसाठी आहे. तुमच्याकडे ते नाही, आणि वस्तू ज्याच्या ताब्यात सापडते त्यानंच ती बेकायदा नाही हे सिद्ध करायचं असा कायदा आहे, पहिल्या अनुसूचीतल्या जनावराबद्दल शिक्षा ३ ते ७ वर्षं आणि दंड किमान २५ हजार. हे घाबरवायला लिहीत नाही. आधी वन्यजीव प्रकरणं चालवणारा वकील गाठा, त्याच्यासोबत बसून अर्ज लिहा, आणि स्वतःहून वन खात्याकडे जा. आजोबांचा बंदुकीचा परवाना, शिकारीचा परमिट, वाड्यातला जुना फोटो ज्यात मागे भिंतीवर ते डोकं दिसतं, असं जे सापडेल ते सगळं गोळा करा. कपाटाच्या तळाशी जे वर्तमानपत्र अंथरलेलं असतं न, त्याच्या खाली पण पहा. मी एका घरी १९७३ ची पावती अशीच निघालेली पाहिली आहे, लोक चार पिढ्यांचे कागद उचकून थकले होते आणि पावती त्या वर्तमानपत्राखाली.

ताई, सर्टिफिकेट आहे, तो प्रश्न नाही. पण आमच्या गव्याचे केस गळून राहिले आहेत, डोळ्याजवळ भेगा पडल्या, आणि नाकाच्या शिवणीजवळ पांढरी पावडर येते. आई दर दिवाळीला ओल्या फडक्यानं पुसून नाकाला खोबरेल तेल लावते. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या पण मागे ठेवल्या आहेत. — गोकुळपेठ

तुमच्या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण यातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण वेगळं आहे.

पांढरी पावडर. आईंना आजपासून त्याला उघड्या हातानं शिवू देऊ नका. जुन्या काळी कातड्याला आतून आर्सेनिकचा साबण चोळायचे, अठराव्या शतकात बेकर नावाच्या फ्रेंच औषधवाल्यानं काढलेली युक्ती, आणि ती जगभर अगदी १९७०-८० पर्यंत चालली. वर्षं गेली की ते आर्सेनिक शिवणीतून, डोळ्याच्या कडेतून, कानाच्या मुळातून बाहेर येऊन पांढऱ्या कणांसारखं बसतं. कधी ते नुसतं मीठ किंवा बुरशी पण असते, पण घरच्या घरी डोळ्यांनी ओळखता येत नाही, म्हणून १९८० च्या आधीचं प्रत्येक मुंडकं विषारी आहे असंच धरून चालायचं. नायट्राइलचे हातमोजे, एन-९५ मास्क, काम झालं की कपडे वेगळे धुवायचे. मी नोकरीच्या पहिल्या वर्षी एक नीलगाय उघड्या हातानं साफ केली होती, कोणी सांगितलंच नव्हतं, आठ दिवस मनगटापर्यंत पुरळ होता. लहान मुलांना त्या गव्याच्या नाकाला हात लावून फोटो काढायची सवय असेल तर ती आजच मोडा.

भेगा. याला कारण आपलं नागपूर. मे महिन्यात ४५ च्या वर तापतं, हवेत ओल नसतेच, आणि मग दुपारी आपण खिडकीतला कूलर सुरू करतो, वाळ्याच्या ताट्यांतून पाण्याची गार हवा थेट हॉलमध्ये. माणसाला बरं वाटतं पण कातडं दुपारी फुगतं, रात्री कूलर बंद झाला की आकसतं, आणि आतला लाकडाचा नि प्लास्टरचा साचा तर हलत नाही. मग जिथे कातडं पातळ आहे तिथेच फाटतं, म्हणजे डोळ्याची कड, ओठ, नाकपुडी. तुमचा कूलर समोरच्या खिडकीत आहे का ते पत्रात नाही, पण मी पैज लावते की आहे. दोघांपैकी एकाला हलवा. हवेतली ओल साधारण ४५ ते ५५ टक्के आणि मुख्य म्हणजे सारखी राहिली पाहिजे, दोन-तीनशे रुपयांत छोटा आर्द्रतामापक मिळतो, तो भिंतीवर लावा आणि आठवडाभर लिहून ठेवा.

केस. इथे नीट पाहावं लागेल. गुळगुळीत टक्कल पडल्यासारखा एकच डाग असेल आणि तो जुन्या फोटोतही असेल, तर ते शिकारीच्याच दिवशी झालेलं आहे, उन्हात कातडं काढायला, मीठ लावायला उशीर झाला की केस मुळातून सुटतात. पण नवे गळत असतील तर कीड. मुंडक्याच्या खाली एक पांढरा चार्ट पेपर अंथरा, आठ दिवस झाडू नका, मग टॉर्च आडवा धरून भिंगातून पहा. बारीक तपकिरी, केसाळ, तांदळाच्या तुसासारखी पोकळ सालपटं दिसली तर ती केस-कातडं खाणाऱ्या डरमेस्टिड भुंग्याच्या अळीची कात आहे. सोबत वाळूसारखी विष्ठा असते. अशी सालपटं दिसली तर मुंडकं मोठ्या प्लॅस्टिकमध्ये बांधून इतर लोकरी सामानापासून वेगळं करा आणि संग्रहालयातल्या संवर्धकाला बोलवा. छोट्या वस्तू उणे २० अंशात दोन आठवडे गोठवून कीड मारता येते, गव्याएवढा फ्रीजर मात्र कोणाच्या घरी नसतो, आणि खाण्याचं सामान असलेल्या कोल्ड स्टोरेजला आर्सेनिकची वस्तू नेणं तर मनातसुद्धा आणू नका.

आता ते ओलं फडकं, खोबरेल आणि गोळ्या, तिन्ही बंद. ओल्यानं आर्सेनिक पसरतं, तेलावर धूळ बसते आणि ते खवट होऊन किडीला निमंत्रण देतं, आणि उघड्या हॉलमध्ये डांबराच्या गोळीनं अळी मरत नाही, वास मात्र तुमच्या घरातले लोक घेतात. साफ करायचं तर मऊ केसांचा ब्रश, केसांच्या दिशेनं, कपाळाकडून मानेकडे, आणि धूळ हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमच्या तोंडाशी ढकलायची, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधून. काचेचे डोळे किंचित ओलसर कापसानं. आईंना म्हणावं वर्षातून एकदा पुरे. आणि त्या निमित्तानं शिंगांच्या मधला तो उंचवटा जवळून पहा, तिथले केस राखाडी असतात आणि शिंगं पिवळट-हिरवट, टोकाला काळी. ते केस अजून राखाडी दिसत असतील तर उन्हानं रंग फार खाल्लेला नाही. मानेचा काळा रंग विटकरी झाला असेल तर पश्चिमेची खिडकी झाका.

मी बारावीत आहे. पेंढा भरलेला म्हणतात तर आत खरंच पेंढा असतो का? हत्तीएवढ्या प्राण्याचं कसं करतात? — वर्धमाननगर

छान विचारलंस बेटा. आधी खरंच गवत, चिंध्या, लाकडाचा भुसा ठासायचे, म्हणून जुनी जनावरं पोत्यासारखी दिसतात. आता आत पॉलियुरेथेन फोमचा साचा असतो. मांस आणि बहुतेक हाडं काढलेली असतात, वर फक्त कमावलेलं कातडं, डोळे काचेचे, शिंगं खरी. म्हणजे तू पाहतोस ते जनावर नसतं, जनावराच्या कातड्यात घातलेलं शिल्प असतं, आणि ते चांगलं की वाईट हे त्या माणसाला जिवंत जनावराचे स्नायू किती कळले होते त्यावर ठरतं.

जंबो नावाचा सर्कसचा हत्ती १८८५ साली कॅनडात रेल्वेच्या धडकेत मेला, त्याचं नुसतं कातडं १५३८ पौंड भरलं, म्हणजे जवळपास ७०० किलो! त्यावर काम करणाऱ्यांत कार्ल एकली नावाचा विशी-बाविशीतला पोरगा होता. त्यानंच पुढे पद्धत बदलली, आधी सांगाड्यावर मातीत स्नायूंसकट पूर्ण जनावर घडवायचं, त्याचा साचा काढायचा, मग त्यातून हलकं पोकळ धड बनवून त्यावर कातडं चढवायचं. त्याचे दोन झुंजणारे हत्ती १९०९ पासून शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये उभे आहेत. आपल्याकडे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून टॅक्सीडर्मी सेंटर आहे, मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. संतोष गायकवाड तिथे काम करतात, नैसर्गिक मृत्यू आलेल्या वाघ-सिंहांवर, परवानगीनं, अभ्यासासाठी. तू बाबांना घेऊन आधी अजब बंगल्यात जा, १८६३ सालचं आपलं मध्यवर्ती संग्रहालय, आणि नुसतं पाहू नको, शिवण कुठे लपवली आहे ते शोध. बहुतेक मानेच्या मागे असते.

बेसाला नवीन फ्लॅट घेतला. सांबराचं आणि गव्याचं, दोन्ही टांगायची आहेत. इंटिरियरवाला म्हणतो चार खिळ्यांत होऊन जाते. — बेसा

होत नाही. वन खात्याच्या सर्टिफिकेटवर पत्ता बदलून घ्या, ते पहिलं. मग वजन करा, प्लास्टर भरलेला जुना गवा चाळीस-पन्नास किलोचा सहज निघतो आणि भिंतीपासून हातभर पुढे येतो, म्हणजे खिळा वरून उपटला जातो. नवीन फ्लॅटमध्ये आतल्या भिंती हलक्या, सच्छिद्र सिपोरेक्स ब्लॉकच्या असतात, त्यात साधा फास्टनर धरतच नाही. आरसीसी कॉलम किंवा बीमवर घ्या, नाहीतर भिंतीच्या आरपार बोल्ट आणि मागून लोखंडी पट्टी. सोफ्यावर नको, पलंगावर तर अजिबात नको.

पेंचच्या रस्त्यावर आमचं रिसॉर्ट आहे. पाहुण्यांना जंगलाचा फील यावा म्हणून रिसेप्शनला मोठं गव्याचं डोकं पाहिजे. जुनं कुठे मिळेल? बाहेरच्या देशातून आफ्रिकन बफेलो मागवला तर? — सावनेर

जुनं मिळणार नाही, मिळालं तर ते देणारा आणि तुम्ही दोघंही आत जाल. बाहेरून आणायचा विचार पण सोडा, परवानगीशिवाय आणलेली पेटी कस्टममध्येच अडकते.

मला मनापासून वाटतं, तुम्ही चितारओळीत जा. तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या गणपती घडवतात, आणि मारबत-बडग्याची मिरवणूक काढणाऱ्या या गावात अवाढव्य आकार उभा करणारे हात कमी नाहीत. कागदाच्या लगद्याचा किंवा फायबरचा गवा त्यांना सांगा, पण जंगलात घेऊन जाऊन जिवंत गवा दाखवून मग सांगा, नाहीतर म्हशीचं तोंड होईल. बिल आणि बनवतानाचे फोटो जपून ठेवा, कारण चांगला जमला तर वन खात्याचा माणूस विचारणारच. तुमच्याकडे येणारा पाहुणा सकाळी सफारीत खरा गवा पाहून येतो, त्याला संध्याकाळी त्याच्याच जातीचं कापलेलं डोकं कशाला दाखवायचं?

ताई, आमचा राजा बैल मागच्या महिन्यात म्हातारपणानं गेला, चौदा वर्षं वावरात राबला. शेतातच पुरला, पण शिंगं काढून ठेवली. ते शिंग आतल्या हाडावरून ढिलं होऊन राहिलं. कायदा लागते का याले? अन् टिकवू कसं? — काटोल

भाऊ, घरच्या जनावराला वन्यजीव कायदा लागत नाही, निश्चिंत राहा. शिंग ढिलं होणं चांगलंच आहे. वरचं शिंग आपल्या नखासारखं असतं, आत हाडाचा खुंटा, मधला पडदा सडला की दोन्ही आपोआप सुटतात. दोन आठवडे बादलीत पाण्यात ठेवा, गोठ्यापासून दूर, वास फार येतो, पाणी बदलत राहा. पूर्ण सुटलं की आतून घासून बोरॅक्सच्या पाण्यानं धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हात ठेवाल तर मे महिन्यात उभी चीर पडेल. हाडाचा खुंटा वेगळा वाळवून, पुरता कोरडा झाल्यावरच एपॉक्सी लावून परत बसवा आणि सागाच्या फळीवर चढवा.

पॉलिश पेपर मारायचा मोह होईल, पण बुडाशी बघा आधी. मागच्या पोळ्याला लावलेला हिंगूळ नि बेगडाचा एखादा तुकडा तिथे चिकटलेला असेल. तो खरवडू नका.